हिंदुरावाची हाळी

कात्रजच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी खोपडेवाडी नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण महापालिकेनं ते गिळल्यापासून पाटीवर नुसता प्रभागाचा आकडा उरलाय, आणि नळाला पाणी मात्र गाव असताना यायचं तेवढंच येतं. या वाडीचा हिंदुराव खोपडे हा हमालांच्या टोळीचा मुकादम. त्याचा आवाज असा, की एकदा त्यानं गोदामाच्या दारात हाळी दिली, तर तिकडे प्राणिसंग्रहालयातला वाघ जेवणावरून उठून पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, आणि डेअरीत त्या दिवशी दुधाला विरजण लावावं लागलं नाही. वाघाचं खोटं असेल. डेअरीचं खोटं म्हणणारा माणूस वाडीत अजून भेटलेला नाही.

वाडीची सीताफळाची रानं होती तिथं आता निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. तेल, साबण, डाळी, बिस्किटं. पुणेकरानं मोबाईलवर बोट टेकवलं की इथून पिशवी निघते आणि त्याच्या दारात जाऊन पडते. जमिनी देताना वाडीनं एकच गोष्ट ठरवून घेतली होती, की ट्रकमधला माल वाडीचीच माणसं उतरवतील. तीच ही टोळी, कागदावर मात्र एका ठेकेदाराची.

आता हाळीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. ओझ्याखाली माणूस आंधळा असतो. पाठीवर पोतं, मान खाली, डोळ्यांपुढं स्वतःच्या पायाची बोटं. वर काय डुगडुगतंय, मागून काय घसरतंय, ते त्याला दिसत नाही. ते मुकादमाला दिसतं. म्हणून टोळीचा नेम असा, की मुकादमानं ‘पाऽऽय’ म्हटलं की आहे तसं मागं उडायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही, पोतं टाकावं लागलं तर टाकायचं. आणि मुकादमाचा नेम त्याहून कडक. वरून खरंच काही येत असल्याशिवाय ती हाळी तोंडातून काढायची नाही. चेष्टेत नाही, रागात नाही, दारूत तर नाहीच नाही.

हिंदुराव हा नेम इतका पाळायचा, की घरीसुद्धा तो शब्द मोठ्यानं उच्चारायचा नाही. एकदा घोटा मुरगळला तेव्हा डॉक्टरला म्हणाला, “खालचं दुखतंय.” डॉक्टरनं भलतंच तपासलं, तरी हा बदलेना. पण त्याच्या हाताखाली पोती फाटली, बरण्या फुटल्या, माणूस कधी फुटला नाही. आपण रात्री उशीवर डोकं टाकतो ना, उशी खाली आहे की नाही ते न चाचपता, तशी टोळीनं आपली अंगं त्याच्या आवाजावर टाकलेली होती.

मग मशीनं आली.

बुटकी, रुंद, चाकांवरची. जमिनीवर चिकटवलेल्या चौकोनी खुणा वाचत चालायची, मालाच्या मांडणीखाली शिरायची आणि अख्खी मांडणी पाठीवर घेऊन निघायची. टोळीनं पाहताक्षणी त्यांना कासवं म्हणून टाकलं. त्यांच्याबरोबर शेफाली मॅडम आल्या, गोदामाच्या नव्या व्यवस्थापक. राहायला शनिवार पेठेत. बोलणं इतकं मऊ, की कापलं गेल्याचं माणसाला घरी जाऊन कळावं.

“ही ट्रायल आहे,” त्या टोळीला म्हणाल्या. “दिवाळीच्या सेलपर्यंत बघू. जमलं तर ठेवू, नाही जमलं तर ज्यांची आहेत त्यांना परत.”

“अन् जमलं तर आमी?” हिंदुरावानं विचारलं.

“तुमचंही बघू.”

“ते आधी बघणार का मागनं?”

“हिंदुराव, आपली ओळख होऊन अजून चहासुद्धा झाला नाही. इतक्यात हिशेबावर कशाला यायचं?”

पण कासवांत एक खोड निघाली. त्यांचा डोळा घोट्याच्या उंचीवर होता, आणि त्या डोळ्यापुढं माणूस आला की ती जागच्या जागी थांबायची. माणसाला धक्का लावायचा नाही, अशी त्यांना सक्त ताकीद. थांबली की पोटातून एक बाई अतिशय अदबीनं म्हणायची, “कृपया रास्ता दीजिए.”

ही खोड पहिल्यांदा सापडली संतोषला. संतोष हा हिंदुरावाच्या बहिणीचा मुलगा, टोळीतला सगळ्यात ताकदीचा गडी. तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकला, तर मागं कासव उभं. तो सरळ झाला तरी उभंच. “कृपया रास्ता दीजिए.”

“बोला ताई,” संतोष म्हणाला. “लई घाईत दिसता. लगीनबिगीन हाय का कुणाचं?”

त्या दिवसापासून टोळीनं उभं राहण्याचा धंदाच मांडला. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी एका स्क्रूला हात लावला नाही. टोळीतला सगळ्यात जुना बापूराव मधोमध उभा राहून चुना मळायचा, मळता मळता वाडीतल्या चार घरांची खबर घ्यायचा, आणि त्याच्या मागं कासवं अशी रांगेत थांबायची जणू रॉकेल येणार आहे. वरच्या काचेच्या केबिनमधून शेफाली मॅडम बघायच्या आणि खाली फोन करायच्या. इंजिनिअर प्रज्ञेश धावत यायचा.

“काका, प्लीज साइडला व्हा ना. पूर्ण लेन ब्लॉक झालीय.”

“होतो की,” बापूराव म्हणायचा. “गुडघं काय तुमच्यासारखं कंपनीकडनं आलेलं न्हाईत.”

हिंदुराव हे सगळं बघून मनातल्या मनात मांडे खात होता. टोळी शाबूत ठेवायची तर दिवाळीपर्यंत नुसतं उभं राहायचं होतं. इतकं सोपं काम टोळीला जन्मात मिळालं नव्हतं. दिवाळी झाली की कासवं परत जाणार, आणि वाडीची माणसं वाडीच्या रानात राहणार.

आणि नेमकं हेच त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं.

झालं असं, की एका सकाळी ट्रकमधून फिनाईलचं पिंप सुटलं आणि फळीवरून घरंगळत खाली निघालं. हिंदुरावानं हाळी दिली. “पाऽऽय.” क्षणात टोळी दोन्ही भिंतींना जाऊन चिकटली, बापूरावाचा चुना हवेत राहिला, पिंप मोकळ्या जागेतून गडगडत गेलं आणि खांबाला आपटून थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण अडकून पडलेल्या कासवांना वाट मोकळी दिसली आणि ती सगळी सुळकन निघून आपापल्या जागी गेली.

केबिनमध्ये शेफाली मॅडमनी हातातला फोन खाली ठेवला.

दुपारी त्या स्वतः चहाचा कप घेऊन खाली आल्या. व्यवस्थापकानं मुकादमाला चहा आणून देणं ही गोष्ट वाघ भिंतीला टेकण्याइतकीच अवघड. हिंदुरावानं कप घेतला आणि तिथंच तो निम्मा हरला.

“टोळी तुमचं ऐकते,” त्या म्हणाल्या. “मशीनचं नाही ऐकत. मी विचार करत होते, का बरं? तर मशीनला मुकादमच नाही.”

“मशीनला कसला मुकादम?”

“का? ती तुमच्या आवाजात बोलली तर तुमच्याच टोळीतली झाली. मग त्यांचा मुकादम कोण?”

हिंदुरावानं चहा फुंकला. चहा केव्हाच गार झाला होता.

“ती हाळी खोटी द्यायची नसती, मॅडम.”

“खोटी कुठे? मशीन येतंय हे खरंच असतं ना?”

याला उत्तर होतं. हिंदुरावाला ते घशात टोचत होतं, पण शब्दांत येईना. येणं आणि पडणं यात फरक आहे, एवढंच ते होतं.

“अन् माझी माणसं?”

“मुकादम आहे म्हणजे टोळी आहेच की,” शेफाली मॅडम म्हणाल्या, आणि रिकामा कप स्वतः परत घेऊन गेल्या.

आवाज उतरवून घेण्याचं काम प्रज्ञेशकडे आलं. घुमू नये म्हणून त्यानं हिंदुरावाला कापसाच्या गठ्ठ्यांच्या मध्ये उभं केलं आणि तोंडासमोर मोबाईल धरला. “दादा, एकदम नॅचरल द्या.”

“कायबी पडत नसताना नॅचरल कसं येईल?”

“इमॅजिन करा ना.”

“मी हाळी इमॅजिन करत न्हाई.”

शेवटी प्रज्ञेशला मांडणीच्या वरच्या कप्प्यातून एक खोकं खरोखर सोडावं लागलं. आत साबण होते, खाली कुणी नव्हतं, पण खोकं खरं आणि पडणं खरं. हिंदुरावानं हाळी दिली ती अशी, की गठ्ठ्यांमधला कापूससुद्धा दबून बसला. नेम मोडला नाही याचं हिंदुरावाला इतकं समाधान वाटलं, की काय दिलं ते त्याच्या ध्यानात आलं नाही. प्रज्ञेशनं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन गठ्ठ्यानं स्पीकर आणले आणि प्रत्येक कासवाच्या पाठीला एकेक आवळून टाकला. वाटेत माणूस दिसला की आता त्या बाईच्या जागी हिंदुराव बोलणार होता.

घरी हिंदुरावानं बायकोला सांगितलं. मथुराबाई शेंगा फोडत होती.

“आवाज देऊन आलात?”

“दिला न्हाई. उतरवून घेतला. गळ्यातला गळ्यात तसाच हाय.”

“सीताफळाचं रानबी तसंच हाय म्हणं,” मथुराबाई म्हणाली. “पत्र्याखाली.”

दुसऱ्या दिवशी पहिलं कासव बापूरावाच्या मागं येऊन म्हणालं, “पाऽऽय.” बापूरावानं जी उडी घेतली ती थेट कपडे धुण्याच्या पावडरीच्या थप्पीत, आणि बाहेर आला तो पांढराशुभ्र, शिंकत. पोरं हसली. मग दुसरं कासव हसणाऱ्यांच्या मागं आलं आणि हसणारे उडाले. दिवसभर गोदामात माणसं मक्याच्या लाह्यांसारखी उडत होती. अंगाला काय कळतं हो, मागं माणूस आहे की स्पीकर? अंगानं इतकी वर्षं एकच धडा गिरवला होता. ठरवून उभं राहावं, पाय रोवावेत, आणि हाळी आली की मनाला विचारायच्या आत आपण भिंतीपाशी.

हिंदुरावाला दोन दिवस बरं वाटलं. खोटं कशाला बोला. चारी बाजूंनी आपला आवाज येतोय, माणसं बाजूला होताहेत, मशीनं धावताहेत. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच स्वतःच्या हाळीनं उडाला आणि गुडघ्यावर आपटला. तेव्हा त्याला पहिल्यांदा शंका आली.

कासवांची गाडी रुळाला लागली ती लागलीच. दिवाळीचा सेल असा पार पडला, की मुंबईहून साहेब लोक येऊन शेफाली मॅडमना पुष्पगुच्छ देऊन गेले. भाऊबीज झाली आणि ठेकेदारानं निम्म्या टोळीला सांगितलं, की आता येऊ नका. त्यात बापूरावही होता. हिंदुराव वर केबिनमध्ये गेला.

“तुमी म्हणाला व्हता, मुकादम हाय म्हणजे टोळी हाय.”

“आहेच की,” शेफाली मॅडम म्हणाल्या. “लहान झाली एवढंच. कुटुंबंसुद्धा लहानच असतात हल्ली.”

खाली बापूराव टॉवेल झटकून खांद्यावर टाकत होता. हिंदुराव जवळ गेला, पण बोलायला तोंड होतं कुठं? बापूरावच बोलला.

“आवाज चांगला हाय मुकादम तुमचा. बिनपगारी बी खणखणीत चालतो.”

त्यानंतर वाडीच्या पारावर हिंदुराव बसायला गेला की गप्पा पीकपाण्यावर वळायच्या, आणि पीक तर वाडीत कुणाचंच उरलं नव्हतं. त्याला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

उरलेल्या टोळीचं वेगळंच झालं. अंग मूर्ख असतं, पण कायमचं नसतं. दिवसाला शंभरदा उडून उडून कुणाच्याच अंगावर काही पडलं नाही, तेव्हा अंगं हळूहळू शहाणी झाली. आधी उडी लहान झाली, मग नुसतं दचकणं उरलं, मग मानही वळेना. कासव मागं येऊन बोंबलायचं आणि संतोष बिस्किटाचा पुडा फोडत सावकाश एक पाऊल सरकायचा. आता माणसंच इतकी कमी होती, की कंपनीचं त्यानं काही अडत नव्हतं.

“संतोष,” हिंदुराव एकदा म्हणाला. “हाळी झाली तर हलायचं असतं.”

“तुमची का त्याची?”

“हाळी ती हाळी.”

“मग मामा, वरडायच्या आधी नाव सांगत जावा,” संतोष म्हणाला. पोरं हसली. हिंदुरावही हसला, आणि हसता हसता जिन्याकडं वळला.

तो पुन्हा वर गेला. आवाज काढून टाका म्हणाला. टोळी अर्धी गेली, उरली आहे ती तरी धड ठेवायची असेल तर हाळी मला परत द्या. शेफाली मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असं करा, टोळीसाठी तुम्ही दुसरा शब्द घ्या. शब्दांना काय तोटा आहे?”

हिंदुरावानं तेही करून पाहिलं. ‘सरक’ असा शब्द ठरवला, पोरांना समोर बसवून घोकून घेतला. पण हाळी काही डोक्यातून येत नाही. पुढच्याच वेळी पोतं घसरलं तेव्हा तोंडातून आपोआप जुनीच हाळी निघाली. पोतं बाजूला पडलं म्हणून भागलं. एकही माणूस हलला नव्हता.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, तेलाचा ट्रक लागलेला. एक कासव तेलाच्या खोक्यांची उंच थप्पी घेऊन चाललं होतं. थप्पीच्या बाजूला, जरा मागं, संतोष डाळीचं पोतं उचलायला वाकलेला. कासवापुढं जमिनीवर पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी वाऱ्यानं हलली. घोट्याच्या डोळ्याला ती दिसली आणि कासव कचकन थांबलं. थप्पी मात्र थांबली नाही. वरचं खोकं पुढं गेलं, मागं आलं आणि बाजूला कलंडलं. कासवाला वर बघायला डोळाच नव्हता. माणूस दिसला तरच ते बोलायचं; वाटेत नुसती पट्टी होती, संतोष नव्हता, म्हणून ते गप्प उभं राहिलं.

हिंदुरावानं बघितलं. हाळी दिली. आयुष्यात दिली नव्हती अशी दिली.

संतोष वाकलेलाच राहिला. त्यानं मानही वर केली नाही. हिंदुरावाला लांबून त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता, आणि तो चेहरा किंचित हसत होता. कटकट ऐकून माणूस हसतो तसा.

खोकं पायावर आलं. लोखंडी टोकाचे बूट कंपनीनं दिले होते, पण ते कंपनीच्या माणसांना. टोळी ठेकेदाराची, म्हणून चपलेवर.

चौकशी काचेच्या केबिनमध्ये झाली. शेफाली मॅडम, प्रज्ञेश, आणि विमा कंपनीकडून आलेले एक टापटीप गृहस्थ. प्रश्न सरळ होता. मशीननं इशारा दिला असेल आणि संतोष हलला नसेल, तर चूक संतोषची. त्याला भरपाई नाही, आणि नियम मोडला म्हणून काम पण नाही. मशीन गप्प राहिलं असेल आणि माल पाडला असेल, तर चूक कंपनीची. भिंतीवरच्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. खोकं कलंडताना दिसत होतं, आणि ते खाली येण्याआधी स्पष्ट ऐकू येत होतं, “पाऽऽय.”

“इशारा झालेला आहे,” गृहस्थ म्हणाले.

“तो मी दिला,” हिंदुराव म्हणाला.

चित्रात हिंदुराव नव्हता. तो उभा होता तो कोपरा कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर.

“मशीनकडे नोंद असेल ना, कधी ओरडलं त्याची?” गृहस्थांनी विचारलं.

प्रज्ञेशनं कॉलर सैल केली. “सर, स्पीकर आपण नंतर बाहेरून लावलेत. माणूस दिसला की वाजतात, पण त्याची नोंद सिस्टीमकडे जात नाही. त्यामुळे लॉग नाही.”

“अस्सं. म्हणजे आवाजावरूनच ठरवायचं.” गृहस्थ हिंदुरावाकडे वळले. “हा आवाज तुमचा आहे, मशीनचा नाही, याला काही आधार?”

“माझा आवाज हाय. माझ्याच गळ्यातला.”

“मशीनचाही तुमच्याच गळ्यातला आहे.”

“मशीनचा माझा हाय,” हिंदुराव सावकाश म्हणाला. “माझा मशीनचा न्हाई.”

शेफाली मॅडमनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“आपण असं करू,” गृहस्थ म्हणाले. ते सभ्य होते, त्यांनी बसायला खुर्चीही दिली होती. “तुम्ही इथे एकदा ओरडून दाखवा. प्रज्ञेश दोन्ही आवाज जुळवून बघतील. काही फरक निघाला तर तुमच्या भाच्याचा फायदाच आहे.”

हिंदुराव उभा राहिला. केबिनचं छत पांढरं, स्वच्छ, घट्ट. त्यातून काही पडणार नव्हतं. काचेच्या भिंतीखाली कासवं फिरत होती. कापसाच्या गठ्ठ्यांतसुद्धा त्यानं खोकं सोडायला लावलं होतं. इथं काय सोडायला सांगणार? तो छताकडे बघत इतका वेळ उभा राहिला, की गृहस्थांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. संतोषचा विचार करून हिंदुरावानं तो पेला बाजूला केला, डोळे मिटले आणि हाळी दिली.

पेल्यातलं पाणी हललं. केबिनमध्ये कुणी हललं नाही.

प्रज्ञेशनं लॅपटॉपवर दोन रेघा एकाखाली एक लावल्या आणि बराच वेळ बघितल्या. “मॅच होतोय, सर,” तो पुटपुटला. “रेकॉर्डिंगशीही होतोय, कॅमेऱ्याशीही होतोय. वेगळा काढता येत नाही.”

“मग दोन्हींत फरक काय राहिला?” गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

हिंदुरावाला उत्तर एकदम सापडलं. चहाच्या वेळी जे घशात टोचत होतं तेच ते. “फरक असा साहेब, मशीन कवाबी वरडतं. मी खरंच काय पडत असल्याबिगर वरडत न्हाई. उभ्या जन्मात मी खोटी हाळी दिलेली न्हाई.”

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

“आणि आत्ता दिलीत ती?”

हिंदुरावाचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येईना. त्याच गळ्यानं वाघ हलवला होता, डेअरी हलवली होती म्हणतात.

“तसं लिहू मग,” गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. “इशारा झाला होता. कामगार हलला नाही.” त्यांनी दार उघडून धरलं, आणि हिंदुराव बाहेर पडताना शेफाली मॅडम म्हणाल्या, “जपून उतरा, पायरी आहे.” त्यांना खरंच वाईट वाटत असावं. त्यांच्या मऊ आवाजात ते ओळखू येणं कठीणच.

दवाखान्यात संतोष पलंगावर होता. पायाची बोटं काढून टाकली होती, वर मोठं पांढरं बँडेज बांधलेलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, की चालता येईल, ओझं उचलता येणार नाही. मथुराबाई डबा घेऊन आधीच आली होती आणि स्टुलावर बसून भाकरी मोडत होती.

“काय म्हणालं वरती?” तिनं विचारलं.

“म्हणालं, चूक आपली.”

मथुराबाईनं भाकरीचा तुकडा संतोषपुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. तो पंख्याकडे बघत होता.

“मामा, एक इचारू?”

“इचार.”

“ती हाळी कासवाचीच व्हती ना?”

हिंदुरावानं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मला वाटलं त्याचीच. म्हणून म्हटलं, वरड लेका.” संतोष कोपरावर जरा वर झाला. “पण इथं पडल्यापडल्या सारखं डोक्यात येतंय. ती तुमची असती तर? म्हणजे तुमी मला हाळी दिली, अन् मी हाललोच न्हाई, हसत बसलो. तसं असंल तर मामा, मग मला हे पायाचं काय वाटणार न्हाई. ते दुसरंच खात बसंल.”

मथुराबाईचा भाकरी मोडणारा हात थांबला. तिला सगळं ठाऊक होतं. अपघाताच्या दिवशी हिंदुराव घरी येऊन एकच वाक्य बोलत राहिला होता, की मी हाळी दिली, मथुरा, मी दिली. आज सकाळी केबिनमध्येही त्यानं तेच सांगितलं होतं.

हिंदुरावानं पलंगाची लोखंडी कड धरली.

“त्याचीच व्हती,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला, की पलीकडच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू गेला नसता. “मी तवा भाईर चहाला गेलतो.”

“खरं?”

“मी खोटं कशाला बोलू?”

संतोषनं मान उशीवर टाकली आणि डोळे मिटले. “मग बरं झालं,” तो म्हणाला. “तुमची असती तर हाललो असतो.”